प्रार्थनाघरातला ओटा

मस्कतमध्ये तुम्ही नेमकं काय काम करत होतात, असं नागपुरात कुणी विचारलं की मी सांगते, लोकांच्या मोऱ्या काढत होते. विचारणारा हसतो, पण ते बऱ्याच अंशी खरं आहे. आर्किटेक्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेचे मनोरे येतात. रुवीतल्या आमच्या लहानशा ऑफिसात असं काही कधी आलं नाही. आमच्याकडे यायची ती साधी घरं. आणि घराचा नकाशा म्हणजे शेवटी पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठून जाणार, पाहुणा कुठल्या दाराने आत येणार, आणि घरातल्या बायका त्याच्यासमोर न येता स्वयंपाकघरातून कशा ये-जा करणार, याचाच हिशेब. ओमानमध्ये त्यात आणखी एक भर असते. संडासाचं भांडं असं बसवायचं की बसणाऱ्याचं तोंडही मक्केकडे होता कामा नये आणि पाठही. अकोल्याहून गेलेल्या मला हे पहिल्याच नकाशात चुकल्यावर कळलं आणि मग कायमचं लक्षात राहिलं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. इब्रा या आतल्या भागातल्या गावच्या एका व्यापाऱ्याला पलंगावर पडल्या पडल्या बाजारातल्या आपल्या दुकानाचं शटर दिसायला हवं होतं. त्यासाठी आख्खं घर मी प्लॉटवर तिरकं फिरवलं. घर झालं, शटर दिसलं, आणि वर्षाच्या आत शेजाऱ्याने गच्चीवर पाण्याची टाकी चढवली. व्यापारी ऑफिसात येऊन म्हणाला, मुहंदिसा, तू सगळं काढलंस, ती टाकी का नाही काढलीस? मुहंदिसा म्हणजे बाई इंजिनियर. तिकडे मला याच नावाने ओळखत. आजही कुणी ताई म्हटलं तर मी चटकन वळून बघत नाही.

पण या लेखात मला एकाच घराबद्दल लिहायचंय. दोन हजार चौदा-पंधराच्या आसपासची गोष्ट.

सईद नावाचे एक गृहस्थ ऑफिसात आले. बंदरात मोठ्या जहाजांना धक्क्याला लावणाऱ्या बोटीवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती आणि आता निवृत्त झाले होते. उंच, किंचित लंगडत चालणारे. मुंबईशी जुना संबंध असलेल्या मस्कतच्या बऱ्याच म्हाताऱ्यांसारखं त्यांना चांगलं हिंदी येत होतं. ओमानी रीतीप्रमाणे त्यांना सगळे थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारत: अबू बदर, बदरचे वडील. त्यांनी टेबलावर एक जाडजूड किल्ली ठेवली आणि सांगितलं, एक इमारत आहे, तिचं घर करायचंय.

इमारत समुद्रकाठच्या एका जुन्या वस्तीत होती. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फार पूर्वी तिथे काही परदेशी डॉक्टर येऊन राहिले होते. सईदसाहेबांच्या आजोबांनी त्यांना जागा दिली, त्यांनी दवाखाना बांधला आणि शेजारी स्वतःसाठी एक लहान प्रार्थनाघर. पुढे सरकारी दवाखाने झाले, डॉक्टर गेले, दवाखाना पडला. प्रार्थनाघर तेवढं उभं राहिलं. जागा आजोबांची, म्हणून इमारत या घराण्याकडे आली. कित्येक वर्षं तिथे मासेमारीची जाळी आणि मग सिमेंटच्या गोण्या ठेवत. नगरपालिकेच्या दप्तरी तिची नोंद गोदाम अशी होती, त्यामुळे परवानगीत फारसं अडलं नाही. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना सईदसाहेबांनी त्या रिकाम्या जागेत बोलावून कॉफी पाजली. मशिदीच्या इमामांनी सांगितलं की माणूस राहिला तर ते माणसाचं घर. तोही प्रश्न सुटला.

माझी स्वतःचीच घालमेल होत होती. आमच्या ऑफिसचे मालक केरळचे ख्रिश्चन. त्यांना मी भीत भीत विचारलं, तुम्हाला हे काम चालेल ना? ते म्हणाले, छप्पर कोसळून पडलं असतं तर मला जास्त वाईट वाटलं असतं. घरी मात्र माझी शाळकरी मुलगी म्हणाली, "आई, बट तिथे गॉड राहायचा ना? मग तू तिथे किचन कशी पुट करणार?" मी तिला मराठीत बोल म्हणून दटावलं. उत्तर द्यायचं टाळलं, हे तिच्या लक्षात आलं असणार.

पहिल्यांदा आत गेले तेव्हा माझ्याबरोबर यशवंत मेस्त्री होते. कुडाळकडचे सुतार, आमच्या सगळ्या जुन्या कामांवर असत, राहायचे हमरियात चारपाच गाववाल्यांबरोबर एका खोलीत. एकच लांबट दालन होतं. भिंती समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाच्या, हातभर जाड. खिडक्या डोक्याच्याही वर. पूर्वेच्या टोकाला एक बुटका चौथरा, जिथे त्यांची पूजा चालत असणार. क्रूस, बाकं, काहीच उरलं नव्हतं. मेस्त्रींनी शिडी लावून छताच्या तुळईवरची धूळ अंगठ्याने पुसली, वास घेतला आणि खाली उतरून म्हणाले की हा आपल्याकडचा साग आहे, गलबतातून आलेला. त्यांच्या तोंडावर गावचं माणूस भेटल्यासारखा आनंद होता. त्या कामावर मी पाहिलेला बहुधा तेवढाच.

प्रार्थनाघराचं घर करणं अवघड का, ते थोडक्यात सांगते. ती जागा पुष्कळ माणसांनी एकत्र थोडा वेळ बसण्यासाठी बांधलेली असते. घर म्हणजे थोड्या माणसांनी सतत राहायची जागा. प्रार्थनाघराच्या खिडक्या उंच असतात, कारण आतल्या माणसाने बाहेर बघू नये अशीच योजना असते. राहणाऱ्याला तर कोण आलं, कोण गेलं हे दिसायला हवं. छत उंच, म्हणून एसीला डोक्यावरची रिकामी हवाच जास्त गार करावी लागते आणि खोली गार वाटत नाही. आणि आवाज. गाणं घुमावं म्हणून बांधलेल्या दालनात एकट्या माणसाची खोकल्याची उबळसुद्धा चार वेळा ऐकू येते.

सईदसाहेबांना मी माणसं किती ते विचारलं. थोडं थांबून त्यांनी दोघं असं सांगितलं. मग मी म्हटलं, स्वयंपाकघराबद्दल बाईसाहेबांशी बोलायला हवं. ते म्हणाले, इन्शाल्ला. तिकडे इतकी वर्षं काढल्यावर कुठला इन्शाल्ला होकाराचा आणि कुठला नकाराचा हे कळायला लागतं. हा नकाराचा होता.

तोवर मोरीवरून वाद झाला. सांडपाण्याची लाइन पूर्वेकडच्या गल्लीत, म्हणजे चौथऱ्याच्या मागे. नकाशा पाहणारा कुठलाही शहाणा माणूस न्हाणीघर चौथऱ्यावरच काढेल. मीही तेच काढलं. खुणा करायला मेस्त्रींना खडू दिला, तर ते खडू हातात धरून नुसते उभे राहिले.

"मॅडम, हय मोरी नको," ते म्हणाले. "देव खंयचोय असांदे, जागा देवाची ना?"

मी पाइपाचा उतार, लांबी, सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण खडू टेकवला नाही. तेवढ्यात सईदसाहेब आले. देव कुठला का असेना, जागा देवाचीच, हे मेस्त्रींचं म्हणणं मी हिंदीतून सांगितल्यावर त्यांनी मेस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. तेही हेच सांगायला आले होते. दुसरा उपाय मेस्त्रींनीच सुचवला, "चूल चलात. मोरी नको." मग चौथऱ्यावर स्वयंपाकाचा ओटा आणि उत्तरेच्या भिंतीला बाहेरून चिकटवून लहानसं न्हाणीघर, असं ठरलं. मक्का तिथून पश्चिमेला. म्हणजे सईदसाहेब नमाजाला उभे राहणार ते दाराकडे तोंड करून, डॉक्टर मंडळी ज्या दिशेला बघत त्याच्या बरोबर उलट. यावर ते म्हणाले, आमची गाठ पाठीला पाठ लागूनच व्हायची होती. त्या कामात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

ओटा ठरला, पण त्याची उंची, रुंदी, शेगडी कोणती, हे कोण सांगणार? सईदसाहेब काहीही चालेल म्हणत. काहीही चालेल असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम कधीच धड होत नाही. शेवटी मी त्यांना फोनवर सांगितलं की मी बाईसाहेबांना भेटायला घरी जातेय. त्यांनी नाही म्हटलं नाही.

त्यांचा व्हिला अल अमेरातला. डोंगराच्या पायथ्याशी नव्याने वसलेली वस्ती, रुंद रस्ते, घरासमोर दोन गाड्यांची शेड. एकच गाडी उभी होती. सईदसाहेब मशिदीत गेले होते, दार बाईंनीच उघडलं. त्या मूळच्या इब्र्याच्या. त्यांना मी उम्म बदर, बदरची आई, अशीच हाक मारली, सगळे तीच मारत. त्यांनी मला बसवलं, खजूर पुढे केला, कॉफी ओतली. माझं मोडकंतोडकं अरबी आणि त्यांचं थोडंफार हिंदी, यावर आमचं बोलणं चाललं. भिंतीवर तरण्या मुलाचा फोटो होता. मुलगा कुठे असतो, असं मी विचारलं.

त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाहून बापलेक दोन गाड्यांनी घरी येत होते. बाप पुढे, मुलगा मागे. डोंगरात पाऊस झाला होता आणि वाटेतली वादी भरायला लागली होती. वादी म्हणजे एरवी कोरडी असलेली नदी. पावसात ती घटकाभरात अशी येते की जीपसुद्धा वाहून जाते. बापाने पाणी कमी आहे असं पाहून गाडी घातली आणि ती पार झाली. मुलाने मागोमाग घातली. बापाने आरशात पाहिलं तेव्हा मागचे दिवे आडवे झाले होते. गाडी दुसऱ्या दिवशी खूप खाली सापडली. बदर सापडला नाही. पोलिसांनी, मोहल्ल्यातल्या माणसांनी समुद्रापर्यंत शोधलं. शेवटी देहाशिवायच अंत्यविधीचा नमाज पढला गेला. उम्म बदरना तो मान्य नव्हता.

"मी त्यांना कधी काही बोलले नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यांची गाडी गेटवर आली की मी दुसऱ्या गाडीच्या आवाजासाठी थांबते. मुद्दाम नाही. कान थांबतात. ते आत येतात तेव्हा माझ्या तोंडाकडे बघतात, आणि त्यांना ते दिसतं. रोज."

मी कॉफीचा पेला हातात धरून बसले होते. ओमानमध्ये पुरे झालं की पेला हलवून परत द्यायचा असतो. मला तेही सुचलं नाही. त्यांनीच तो माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, स्वयंपाकघराचं विचारायला आलीस ना? काढ कागद.

मग त्या सांगत गेल्या. ओटा बुटका नको, नवऱ्याची कंबर धरते. खालची कपाटं नकोतच, उजवा गुडघा वाकत नाही, सगळं हाताच्या उंचीवर असू दे. शेगडी लहान चालेल, त्यांना चहा आणि अंडं याशिवाय काही येत नाही. पण भात करायला शिकतील, तर एक मोठा बर्नर ठेव. दिवा डाव्या बाजूला, त्यांना डाव्या डोळ्याने कमी दिसतं. डबे काचेचे, म्हणजे आत काय आहे ते शोधावं लागणार नाही. मी मधेच विचारलं, आणि तुमच्यासाठी? त्या म्हणाल्या, "एकाचंच काढ." आणि पुढे मिठाची बरणी कुठे असावी ते सांगायला लागल्या.

एवढ्या वर्षांत इतकं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक मला दुसरं भेटलं नाही. रुवीला परतताना टॅक्सीत मला रडू आलं. टॅक्सीवाल्याने काही न विचारता रेडिओ बारीक केला.

नकाशा मी त्यांच्या सांगण्याबरहुकूम काढला. तो सईदसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी कपाटांच्या उंचीवर बोट ठेवलं, उजवा हात उगाच हवेत तेवढा उचलून पाहिला. मग दिव्याच्या खुणेवर बोट आलं, तिथे बराच वेळ थांबलं. हे सगळं कुणी सांगितलं असं त्यांनी विचारलं नाही. नकाशाच्या कोपऱ्यात सही केली आणि समुद्राच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मेस्त्री माझ्याकडे बघत होते. मी त्यांना काम चालू करायची खूण केली.

काम वाईट चाललं, असंच म्हणायला हवं. पोवळ्याच्या दगडात मीठ असतं. त्या भिंतींना तिथला जुना गिलावा लागतो, भाजलेली माती दळून केलेला. त्यातून भिंत श्वास घेते. कंत्राटदाराच्या माणसांनी लवकर उरकावं म्हणून सिमेंट मारलं. दोन महिन्यांत भिंतींवर पांढरी फुलं आली आणि पापुद्रे सुटले. सगळं खरवडून पुन्हा करावं लागलं. मातीचा गिलावा करणारा म्हातारा कारागीर मिळेना. मिळाला तो आजारी पडला. इतकं रेंगाळलेलं काम मी दुसरं पाहिलं नाही. सईदसाहेबांनी एकदाही घाई केली नाही. रोज येऊन उंबऱ्यावर बसत. मला वाटू लागलं की काम संपू नये असंच त्यांना वाटतंय, कारण तोवर ते रोज अमेरातला परत जात होते.

शेवटी संपलं. खिडक्यांपैकी दोन मी खालपर्यंत उतरवून घेतल्या होत्या. एकीतून गल्ली दिसायची, दुसरीतून पाण्याचा एक तुकडा. चौथऱ्यावर मेस्त्रींनी केलेला ओटा. मी काढलेल्या घरांतलं सर्वांत देखणं घर ते, असं आजही म्हणेन. मात्र त्याचा एकही फोटो मी ठेवला नाही.

सईदसाहेब राहायला जायच्या आदल्या दिवशी उम्म बदर भावाबरोबर आल्या. बाहेर बसलेले सईदसाहेब उठून उभे राहिले. नवरा-बायकोने एकमेकांना सलाम केला, लांबच्या नातेवाइकांनी करावा तसा. त्या आत गेल्या, बरोबर आणलेल्या पिशवीतून पेले, चहाचं भांडं, काचेचे डबे काढले आणि सगळं लावलं. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. एक पेला ओट्यावर ठेवताना वाजला आणि दालनभर घुमला. त्या दचकल्या. आवाज कमी करायला जाजमं, पडदे, लाकडी फळ्या लावता येतील, असं मी सांगितलं. त्यांनी तो पेला उचलून मुद्दाम पुन्हा ठेवला, ऐकला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "घरात आणखी कुणी आहे असं वाटेल त्यांना."

मग शेवटचा डबा पुसून त्या बाहेर पडल्या. भावाच्या गाडीत मागे बसल्या. सईदसाहेब गाडी वळेपर्यंत दारात होते.

पुढची काही वर्षं येता-जाता कळत राहायचं. ते तिथे एकटे राहत आणि दर शुक्रवारी अमेरातला जात. मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, पाहुण्यासारखे बसत. त्या कॉफी देत. गेटची बिजागरी, नळ, काही बिघडलं असेल तर दुरुस्त करून ते संध्याकाळी परतत. भावाने, इमामांनी समजूत घालून पाहिली. ऐकून घ्यायचे दोघं, आणि तसंच चालू ठेवायचे.

ओमान सोडायच्या आधी मी निरोप घ्यायला त्यांच्याकडे गेले. त्यांनी चौथऱ्यावर उभं राहून चहा केला, अरबी पद्धतीचा, बिनदुधाचा. माझ्यासाठी त्यात आठवणीने आलं टाकलं होतं. भात येतो का आता, असं मी विचारलं. येतो म्हणाले, पण एकट्यासाठी केला की नेहमी जास्त होतो. चहा झाल्यावर, इतकी वर्षं ओठांवर असलेला प्रश्न मी विचारून टाकला. एखादा फ्लॅट घेता आला असता, इब्र्याला तुमची खजुराची बाग होती, मग ही पडकी जागाच का?

ते म्हणाले, फ्लॅट दाखवायला बदरनेच नेलं होतं एकदा, आणि बागेतल्या निम्म्या खजुरी त्याने लावल्यात. माझ्या मालकीची ही एकच जागा अशी होती, जिथे तो कधी आला नाही.

"मी उम्म बदरला तीनदा बोलावलं," ते पुढे म्हणाले. "ती म्हणते, त्याला ही जागा ठाऊकच नाही. तो आला तर अमेरातलाच येणार. घरात कुणी नको का?"

मी म्हटलं, मग तुम्हीच तिकडे का राहत नाही? दोघं मिळून वाट बघाल.

त्यांनी रिकामे पेले उचलले. ओट्यापाशी गेले.

"तिने ऐकलंय फक्त," ते पाठमोरे म्हणाले. "मी पाहिलंय, मुहंदिसा. मी कशी वाट बघू?"

पेले धुऊन त्यांनी हाताच्या उंचीवरच्या फळीवर पालथे घातले. मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. अमेरातच्या घराच्या गच्चीवरची टाकी गळतेय, सकाळी लवकर निघायला हवं, असं म्हणाले आणि सावकाश लंगडत परत फिरले.